कोड खुला, पण सातबारा कोणाच्या नावावर?

रुग्णालयापासून बँकेपर्यंत सगळीकडचे संगणक आज ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअरवर चालतात. ते फुकट मिळते आणि त्याचा कोडही सर्वांसाठी खुला असतो. पण त्याचा कारभार कंपनी पाहते की ते घडवणारे लोक, यावर ते उद्याही खुले राहील का, हे ठरते.

मृग लागला की वणीतल्या कृषी केंद्रांपुढे शेतकऱ्यांची गर्दी होते. कपाशीच्या बियाण्याची पाकिटे घ्यायची असतात. घरच्या कापसातून सरकी निघत नाही असे नाही. पण संकरित वाणाची सरकी ठेवून पेरली, तर पुढच्या वर्षी पीक एकसारखे येत नाही. जुन्या देशी वाणांची सरकी घरात राखली जायची, शेजाऱ्याला दिली जायची. संकरित वाण आले आणि ही सवय सुटत गेली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर तर दर हंगामात पाकीट विकत घेणे हाच रिवाज झाला. बियाणे चांगले की वाईट, हा एक प्रश्न. ते कोणाच्या हातात आहे, हा दुसरा. हे वणीच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नेमका हाच दुसरा प्रश्न आज संगणकाच्या जगात विचारला जात आहे. तिथे बियाण्याच्या जागी सॉफ्टवेअर आहे.

केसपेपरच्या मागे काय असते?

रुग्णालयाच्या खिडकीवर कर्मचारी रुग्णाचे नाव, वय, गाव विचारतो आणि संगणकात टाकतो. समोर दिसतो तो एक साधा अर्ज. त्याच्या मागे मात्र बरेच थर असतात. नोंदी सांभाळणारा डेटाबेस असतो, संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम असते, माहिती सांकेतिक करून पाठवणारी प्रणाली असते. हे सगळे तयार करायला प्रोग्रामर स्वतःची अवजारे वापरतात. गवंड्याला थापी आणि ओळंबा लागतो, तशी त्यांना कोड लिहिण्याची, बदलांची नोंद ठेवण्याची, तयार तुकडे आणून जोडण्याची आणि सर्व्हर उभारण्याची साधने लागतात. यातली बहुतेक अवजारे आज ओपन सोर्स आहेत.

छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी गावाचे उदाहरण बोलके आहे. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी तिथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही संस्था उभी केली. आदिवासी आणि गरीब रुग्णांची गर्दी, पाठपुरावा लागणारे आजार आणि कागदी नोंदींचा ढीग अशी तिथली अडचण होती. थॉटवर्क्स या कंपनीच्या अभियंत्यांनी या रुग्णालयासाठी ‘बहमनी’ ही प्रणाली घडवली. २०१३ च्या सुमारास ती तिथे वापरात आली आणि पुढे इतर देशांतल्या रुग्णालयांतही पोचली.

बहमनी कोऱ्या पाटीवर लिहिलेली नाही. तिच्यातला रुग्णनोंदींचा भाग ‘ओपनएमआरएस’चा आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि पार्टनर्स इन हेल्थ या संस्थांच्या पुढाकाराने हे काम सुरू झाले आणि केनियातील एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींसाठी ते आधी वापरले गेले. प्रयोगशाळेचा भाग ‘ओपनएलिस’चा, हिशेबाचा आणि औषधसाठ्याचा ‘ओडू’चा. त्याखाली ‘मायएसक्यूएल’ आणि ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हे डेटाबेस. जुन्या आवृत्त्या ‘सेंटओएस’ या ऑपरेटिंग सिस्टीमवर बसवल्या जात. पुढे ‘डॉकर’ या साधनाचा वापर सुरू झाला. यातला प्रत्येक थर खुला, म्हणूनच एका खेड्यातल्या रुग्णालयाला अशी प्रणाली परवडू शकली.

या थरांचे धनी मात्र वेगवेगळे आहेत. मायएसक्यूएल ऑरॅकल या बलाढ्य कंपनीचे आहे. पोस्टग्रेएसक्यूएल कोणाही एका कंपनीचे नाही. ओडूमागे बेल्जियमची एक कंपनी आहे. खुद्द बहमनीचा कारभार पुढे अनेक संस्थांच्या एका गटाकडे गेला. रुग्णालयाच्या दृष्टीने सगळेच ‘फुकट आणि खुले’. पण संकटाच्या वेळी यातला प्रत्येक थर वेगळा वागतो.

फुकट वापरणे आणि मालक असणे

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची हाक दिली. सॉफ्टवेअर कशासाठीही वापरावे, उघडून पाहावे आणि बदलावे, त्याची प्रत दुसऱ्याला द्यावी आणि आपण केलेले बदलही वाटावेत, ही त्यांची अपेक्षा. ही मुभा परवान्यात लिहून दिलेली असते. म्हणजे परवाना आज काय करता येईल ते सांगतो. पुढच्या आवृत्तीचा परवाना कोण ठरवणार, हे मात्र त्यात लिहिलेले नसते.

हा फरक लिनक्सच्या प्रोग्रामरना २००५ मध्ये चांगलाच कळला. जगभरातले हजारो जण लिनक्सच्या गाभ्यावर काम करत होते आणि कोणी कुठली ओळ बदलली, याची नोंद ठेवणे अवघड होत चालले होते. २००२ पासून त्यासाठी ते ‘बिटकीपर’ हे एका कंपनीचे साधन वापरत. ते खुले नव्हते, पण कंपनीने लिनक्ससाठी फुकट दिले होते. ऑस्ट्रेलियाचे प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी जुळणारे स्वतंत्र साधन लिहायला घेतले, तेव्हा कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. सवलत देणाऱ्याचा तो हक्कच होता.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मग स्वतःच नवे साधन लिहायला बसले. एप्रिलच्या ३ तारखेला काम सुरू झाले आणि ७ तारखेला ते साधन स्वतःच्याच कोडची नोंद ठेवू लागले. त्याचे नाव ‘गिट’. पुढे काही महिन्यांतच टोरवाल्ड्स यांनी त्याची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. आज जगातले बहुसंख्य प्रोग्रामर गिट वापरतात आणि ते कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही.

गोष्ट इथे संपत नाही. गिटने ठेवलेला कोड एकत्र साठवायला आणि दाखवायला जागा लागते. २००८ मध्ये ‘गिटहब’ नावाची अशी बाजारपेठ सुरू झाली आणि जगातला बहुतेक ओपन सोर्स कोड तिथे जमा झाला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतली. वेबसाइट बनवताना लागणारे तयार तुकडे पुरवणारे ‘एनपीएम’ हे कोठारही २०२० मध्ये गिटहबकडे आले. म्हणजे माल सगळ्यांचा, पण यार्ड आणि काटा एकाचा, अशी स्थिती झाली. कापूस बाजारात नेणाऱ्याला काटा कोणाचा, याला किती महत्त्व असते ते ठाऊक आहे.

वणीत बसून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर बहुधा ‘व्हीएस कोड’ हा संपादक असतो. त्याचा कोड खुला आहे. पण त्याला जोडायची हजारो छोटी साधने ज्या अधिकृत दुकानातून मिळतात, त्या दुकानाच्या अटींनुसार ती मायक्रोसॉफ्टच्याच संपादकांसोबत वापरायची असतात. दुसऱ्या कोणी तोच खुला कोड घेऊन नवा संपादक काढला, तर त्याला या दुकानात प्रवेश नाही. म्हणून एक्लिप्स फाउंडेशनला ‘ओपन व्हीएसएक्स’ हे वेगळे दुकान चालवावे लागते.

सह्या कोणाच्या लागतात?

खुले सॉफ्टवेअर पुन्हा बंद कसे करता येते? याचे उत्तर गावाकडच्या माणसाला सातबाऱ्यावरून चटकन उमगेल. जमिनीच्या उताऱ्यावर एकच नाव असेल, तर सौदा एका सहीत होतो. आजोबांपासून चालत आलेल्या जमिनीवर तीस वारसांची नावे असतील, तर एक जण पुण्यात, एक नागपुरात आणि एक रुसून बसलेला. संपूर्ण जमीन विकायची तर सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता गिऱ्हाईक निघून जाते.

लिनक्सचा गाभा या दुसऱ्या प्रकारातला आहे. हजारो लोकांनी लिहिलेल्या ओळींचा हक्क ज्याचा त्याच्याकडे राहिला आहे. परवाना बदलायचा तर त्या सगळ्यांची संमती हवी. ती मिळणे जवळपास अशक्य, आणि तेच त्याचे संरक्षण. उलट अनेक कंपन्या बाहेरच्या माणसाचा कोड स्वीकारताना त्याच्याकडून एक करार भरून घेतात. त्या करारामुळे त्याने लिहिलेला भाग कंपनीला पुढे कोणत्याही परवान्याखाली देता येतो. नावे हजारोंची राहतात, पण सही एकाचीच पुरते.

‘टेराफॉर्म’ हे याचे ताजे उदाहरण. मोठ्या संख्येने सर्व्हर उभारण्यासाठी हे साधन जगभर वापरतात. हॅशिकॉर्प कंपनीने ते २०१४ मध्ये खुल्या परवान्याखाली आणले आणि बाहेरच्या अनेकांनी त्यात भर घातली. १० ऑगस्ट २०२३ रोजी कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला. कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा उभारायला त्याचा उपयोग करता येणार नाही, अशी अट आली. काही आठवड्यांत विरोधकांनी जुन्या खुल्या आवृत्तीवरून ‘ओपनटोफू’ ही वेगळी शाखा काढली आणि ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली नेली. पुढे हॅशिकॉर्प कंपनीच आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतली.

अशा फुटून निघण्याला ‘फोर्क’ म्हणतात. घरात पटले नाही की वेगळी चूल मांडतात, तसे हे. ऑरॅकलने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनी ताब्यात घेतल्यावर ‘ओपनऑफिस’मधले लोक बाहेर पडले आणि ‘लिब्रेऑफिस’ जन्मले. ‘हडसन’ या साधनातून २०११ मध्ये ‘जेंकिन्स’ निघाले. मायएसक्यूएलमधून ‘मारियाडीबी’, आणि २०२४ मध्ये परवाना बदललेल्या ‘रेडिस’मधून ‘व्हॅल्की’. रेडिसने २०२५ मध्ये पुन्हा एक खुला परवाना देऊ केला, पण तोवर व्हॅल्कीची चूल पेटली होती.

वेगळी चूल हा खुल्या परवान्याने दिलेला मोठा हक्क आहे. मात्र तो फुकट पडत नाही. नवे नाव रुजवावे लागते, वापरणाऱ्यांना स्थलांतर करावे लागते आणि आधीच कमी असलेली माणसे दोन ठिकाणी वाटली जातात. मोठ्या कंपनीला हा खर्च झेपतो. एकच संगणक-जाणकार असलेल्या छोट्या रुग्णालयाला तो जड जातो.

सेंटओएसच्या बाबतीत हेच घडले. आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभारले होते. डिसेंबर २०२० मध्ये, आयबीएमच्या मालकीच्या रेड हॅटने ती आवृत्ती २०२१ च्या अखेरीस संपेल असे जाहीर केले. आठ वर्षांची मुदत एका वर्षावर आली. त्यातून ‘रॉकी लिनक्स’ आणि ‘अल्मालिनक्स’ हे पर्याय उभे राहिले. पण मधल्या काळात कुठे जायचे, हे प्रत्येकाला स्वतःच ठरवावे लागले.

माणशी एक मत

कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याचे मत जड. सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. हा नियम इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या विणकर आणि कारागिरांनी १८४४ मध्ये आपल्या दुकानासाठी स्वीकारला. पुढे ज्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस गेला, तिथलेच हे गाव. महाराष्ट्रात पतसंस्थेपासून साखर कारखान्यापर्यंत सगळ्यांनी हा नियम ऐकलेला आहे.

सॉफ्टवेअरच्या जगातले प्रकल्प कायद्याने सहकारी संस्था नसतात, पण काहींनी आत्मा तोच ठेवला आहे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या ‘डेबियन’ या प्रकल्पाने १९९८ मध्ये स्वतःची घटना लिहिली. दर वर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते. मतदान पसंतीक्रमाने होते आणि ‘यांपैकी कोणीही नको’ हा पर्यायही मतपत्रिकेवर असतो. मोठे वाद सर्वसाधारण ठरावाने सुटतात.

‘पायथन’ या भाषेची वाट वेगळी. तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा शब्द अनेक वर्षे अखेरचा होता. एका नव्या सुविधेवरून झालेल्या कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्यांनी ते पद सोडले. वारस नेमला नाही. तुम्हीच ठरवा, असे सांगितले. पायथनच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी अनेक आराखडे मांडले, मतदान घेतले आणि पाच जणांचे निवडून आलेले मंडळ स्वीकारले. त्यातला एक नियम लक्ष देण्यासारखा आहे : एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त लोक मंडळात बसू शकत नाहीत.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही असाच संकेत आहे. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या दोन कंपन्या एक झाल्या आणि प्रकल्पाच्या मुख्य गटातील निम्म्याहून अधिक सदस्य एकाच मालकाचे नोकर ठरले. कोणी गैर काही केले नव्हते, तरी गटाने बाहेरचे दोन नवे सदस्य घेऊन तोल पुन्हा साधला. संशयाला जागा मिळण्याआधीच कारभार सावरण्याचा हा नमुना आहे.

मालकी की सहकार, हा वाद अगदी समोरासमोर आला तो ‘गिटी’ या साधनात. गिटहबसारखी जागा स्वतःच्या सर्व्हरवर उभारता यावी म्हणून हे साधन आहे. ते मुळात २०१६ मध्ये एका जुन्या प्रकल्पातून फुटले, कारण तिथे सगळे एकाच माणसाच्या हाती अडकले होते. गिटीत मग दर वर्षी प्रमुखांची निवड होऊ लागली. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकल्पाचे नाव आणि वेबपत्ते एका नव्या नफ्यासाठीच्या कंपनीकडे गेल्याचे जाहीर झाले. काम करणाऱ्या अनेकांना ते आधी कळलेच नव्हते. त्यांनी जाहीर पत्र लिहून नाव विनानफा संस्थेकडे द्यावे, अशी मागणी केली. कंपनीची बाजू अशी की पूर्णवेळ काम करायचे तर पगाराची सोय हवी. तडजोड झाली नाही. डिसेंबरात ‘फोर्जेओ’ ही शाखा निघाली. तिचे नाव बर्लिनमधील ‘कोडबर्ग’ या नोंदणीकृत संघटनेकडे ठेवले गेले, जिथे सभासद वर्गणी भरतात आणि मत देतात.

सहकार आणि स्वाहाकार

इथपर्यंत वाचून सहकार म्हणजे सगळे आलबेल, असे वाटेल. महाराष्ट्रातल्या वाचकाची तशी फसगत होणार नाही. सभासद उदासीन झाले की संस्था कशी मूठभरांच्या हाती जाते, हे त्याने पाहिलेले असते. सॉफ्टवेअरमधला धोका थोडा निराळा आहे. तिथे पुष्कळदा बळकावण्यासारखे काही नसते. करायला माणूसच नसतो.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली. ‘ओपनएसएसएल’ या खुल्या प्रणालीत ती होती. इंटरनेटवरून जाणारी माहिती गुप्त ठेवण्याचे काम जगातले असंख्य सर्व्हर तिच्यावर सोपवून बसले होते. तपासात दिसले की एवढ्या महत्त्वाच्या कामावर पूर्णवेळ एकच प्रोग्रामर होता आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयसमूहातून सुमारे ४५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली. चोरांनी याच भगदाडाचा वापर केला, असे एका सुरक्षा कंपनीने सांगितले. वापरणारे लाखो, वर्गणी देणारे नगण्य. त्याची किंमत शेवटी रुग्णांनी मोजली.

मार्च २०२४ मधली घटना त्याहून अंगावर काटा आणणारी आहे. ‘एक्सझेड’ हे फायली लहान करणारे एक साधे साधन लासे कॉलिन हे एकटेच, फावल्या वेळात सांभाळत होते. थकवा आला होता. ‘जिया टॅन’ या नावाने एक व्यक्ती दोन-तीन वर्षे मदत करत राहिली, विश्वास मिळवला आणि अखेर सर्व्हरमध्ये शिरता येईल असा चोरदरवाजा त्यात बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि त्यातून हा डाव उघडा पडला. फ्रॉइंड हे पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करतात, आणि त्यांचा पगार मायक्रोसॉफ्ट देते.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा. कंपन्यांच्या पैशाशिवाय यातले बरेचसे काम उभेच राहत नाही. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या अनेकांना कोणती ना कोणती कंपनी पगार देते. परवाना बदलणाऱ्या कंपन्यांची तक्रारही पोकळ नाही. आम्ही खर्च करून साधन घडवायचे आणि क्लाउडवाल्या महाकाय कंपन्यांनी ते उचलून भाड्याने द्यायचे, हा कुठला न्याय, असे त्या विचारतात.

शिवाय ‘फाउंडेशन’ ही पाटी दिसली की आत सहकारच असेल, असे धरून चालता येत नाही. लिनक्स फाउंडेशन हा मुख्यतः सभासद कंपन्यांचा संघ आहे आणि मोठी वर्गणी भरणाऱ्यांना त्याच्या मंडळावर जागा मिळते. अपाची फाउंडेशनमध्ये उलट सभासद व्यक्तीच असतात, कंपन्या नाहीत. आणि विनानफा संस्थेतही भांडण होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘रुबी’ भाषेच्या तयार तुकड्यांचे कोठार चालवणाऱ्या रुबी सेंट्रल या संस्थेने सुरक्षेचे कारण देत, वर्षानुवर्षे ते सांभाळणाऱ्यांचे अधिकार काढून घेतले. त्यांच्यातल्या काहींनी महिन्याभरात ‘जेम कोऑप’ नावाने वेगळे कोठार उघडले. संस्था नफा कमावते की नाही, यापेक्षा काम करणाऱ्याला मत आहे का आणि हिशेब उघडा आहे का, हेच अखेर निर्णायक ठरते.

भारतात काय चालले आहे?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामकाजात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांनी त्याआधीच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले होते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेब आणि व्यवस्थापनाची प्रणाली कंपनीची असूनही, बदल करून वाटणाऱ्यालाही कोड खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली आहे. बंगळुरूच्या झेरोधाने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. वापरणाऱ्या कंपनीने वर्गणी द्यावी, पण मालकी मागू नये, हा त्यातला विचार.

मराठीचा अनुभवही आठवण्याजोगा आहे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी होती. एका डीटीपी केंद्रात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणी उघडला की अक्षरांचा चिवडा व्हायचा. मजकूर लिहिणाऱ्याचा, पण तो वाचायची किल्ली सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे. युनिकोडसारखी सामाईक मांडणी आणि ‘लोहित’सारखे खुले फॉन्ट आले, तेव्हा मराठी अक्षर कोणत्याही संगणकावर अक्षरच राहू लागले. लोहितवर रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी बरीच वर्षे काम केले.

विकत घेण्याआधी विचारायचे

वणीतले एखादे रुग्णालय, महाविद्यालय किंवा पतसंस्था नवी प्रणाली घेते, तेव्हा किंमत आणि सुविधा पाहिल्या जातात. जाणकार आता त्यात काही प्रश्नांची भर घालायला सांगतात.

पहिला, कोडचा परवाना कोणता आणि तो बदलायला कोणाच्या सह्या लागतात? दुसरा, प्रकल्पाचे नाव कोणाच्या मालकीचे आहे? कारण फाटाफूट झाली की कोड दोघांकडे राहतो, नाव एकाकडेच जाते. तिसरा, निर्णय घेणाऱ्या मंडळात एकाच कंपनीचे किती लोक आहेत? चौथा, गेल्या वर्षभरात दुरुस्त्या किती जणांनी केल्या? तो आकडा एक असेल, तर सावध राहावे. पाचवा आणि रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा : उद्या ही प्रणाली सोडायची वेळ आली, तर सगळ्या नोंदी दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा रूपात बाहेर काढता येतात का? मधुमेहाच्या रुग्णाची दहा वर्षांची साखर किंवा क्षयरोग्याने पूर्ण केलेल्या औषधांची नोंद, एखाद्या परदेशी कंपनीच्या बदललेल्या परवान्यात अडकून पडायला नको. निविदेत ही अट आधीच लिहिली, तर पुढे भांडायची वेळ येत नाही.

दुसरी बाजू वापरणाऱ्यांनी द्यायच्या वर्गणीची. ती पैशाचीच असली पाहिजे, असे नाही. सापडलेली चूक नीट लिहून कळवणे, सूचनापुस्तिका सुधारणे, मराठी अनुवाद करणे हेही काम धरले जाते. डेबियनच्या सभासदांनी २०१० मध्ये ठराव करून, कोड न लिहिणाऱ्या पण अनुवाद, लेखन, मांडणी असे काम करणाऱ्यांनाही पूर्ण सभासदत्व देण्याचे स्वागत केले. त्यासाठी पदवी विचारली जात नाही. केलेले काम पाहिले जाते आणि जुन्या सभासदांची शिफारस लागते. म्हणजे वणीच्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी काही वर्षे चिकाटीने मराठी अनुवाद करत राहिला, तर जगभरातले सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात, तिच्या प्रमुखाच्या निवडणुकीत त्यालाही मत देता येईल. आणि ते मत मोठमोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या अभियंत्याच्या मताइतकेच, एक, मोजले जाईल.